पैसे घेऊन ऑर्डर कॅन्सल केली: रिफंड मिळाला म्हणजे विषय संपला का?

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्ते पुण्यात नोकरी करतात. तासगावला राहणाऱ्या आई-वडिलांसाठी त्यांनी सणाच्या सेलमध्ये एका मोठ्या शॉपिंग साइटवरून फ्रिज मागवला. कार्डावरची सूट धरून २४,४९० रुपये, क्रेडिट कार्डावर सहा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय. आठव्या दिवशी मेसेज आला की काही कारणास्तव तुमची ऑर्डर रद्द झाली आहे, रिफंड सात ते दहा दिवसांत येईल. त्याच संध्याकाळी तोच फ्रिज, त्याच विक्रेत्याच्या नावावर, २९,९९० रुपयांना दिसत होता. कस्टमर केअरचं उत्तर: अटींमध्ये आम्हाला रद्द करायचा अधिकार आहे, पैसे परत मिळतायत, मग तक्रार कसली? प्रश्नकर्त्यांना तीन गोष्टी हव्या आहेत. जुन्या भावात फ्रिज मागता येतो का, फरकाची रक्कम मिळेल का, आणि आत्ता काय करायचं.

तिसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्यात उशीर चालत नाही.

सगळ्यात आधी पुरावा गोळा करा, आणि तो आजच. ऑर्डर कॅन्सल झाल्यावर अॅपमधलं ऑर्डरचं पान पुष्कळदा बदलतं. पोचवण्याची मूळ तारीख निघून जाते, विक्रेत्याचं नाव शोधावं लागतं, आणि वस्तूच्या पानावर नवा भाव आलेला असतो. ऑर्डर पक्की झाल्याचा ईमेल हा तुमचा सर्वांत भक्कम कागद. तो डिलीट करू नका, पीडीएफ करून दुसरीकडे ठेवा. कॅन्सल झाल्याचा मेसेज, कार्डाच्या स्टेटमेंटमधली नोंद आणि २९,९९० भाव दाखवणारं पान, तारीख-वेळ आणि विक्रेत्याचं नाव दिसेल असं, हे सगळं जपा. ते पान कम्प्युटरवर उघडून प्रिंट काढलीत तर वेब-पत्ता आणि तारीख आपोआप कागदावर येते. मोबाइलच्या कापलेल्या स्क्रीनशॉटपेक्षा ती प्रिंट कितीतरी बरी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. ऑर्डर कोणी रद्द केली हे कागदावर स्पष्ट राहिलं पाहिजे. कस्टमर केअरवाले गोड बोलून सांगतात, "सर, तुम्ही तुमच्या बाजूने कॅन्सल करा आणि परत ऑर्डर टाका, मी ५०० चं कूपन देतो." तसं केलंत की नोंदीत 'ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द' असं पडतं आणि तक्रारीचा पायाच निघून जातो. 'ग्राहक पत्त्यावर सापडले नाहीत' असं कारण दाखवलं असेल आणि ते खोटं असेल, तर त्याच दिवशी चॅटवर किंवा ईमेलवर लेखी नाकारा. घरी कोण होतं, फोन आला होता का, हे त्यात लिहा. फोनवरचं बोलणं संपलं की लगेच एक ईमेल टाका, 'आत्ता आपल्या प्रतिनिधीने मला असं असं सांगितलं'. तक्रार क्रमांक मागून घ्या. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा बाजारपेठ-साइटनी, म्हणजे जिथे माल दुसरे विक्रेते विकतात अशा साइटनी, प्रत्येक तक्रारीला क्रमांक द्यायचा असतो, तेव्हा 'सिस्टीम देत नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

तिसरं, रिफंड कुठे येतोय ते बघा. बऱ्याच अॅपवर 'लगेच वॉलेटमध्ये' हा पर्याय ठळक असतो आणि 'मूळ खात्यात' हा बारीक अक्षरात. वॉलेटचं बटण दाबू नका. पेमेंट अॅग्रीगेटर, म्हणजे साइटसाठी ग्राहकांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्या, यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटलं होतं की ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला स्पष्ट संमती दिली नसेल तर रिफंड मूळ पेमेंटच्याच मार्गाने गेला पाहिजे. वॉलेटमध्ये आलेले पैसे त्याच दुकानात खर्च करावे लागतात, आणि तिथे तर फ्रिज आता साडेपाच हजारांनी महाग झाला आहे.

तुमच्या बाबतीत ईएमआयची गाठही सोडवावी लागेल. साइटने २४,४९० परत केले तरी बँकेकडचं हप्त्यांचं खातं आपोआप बंद होईल असं धरून चालू नका. कधी रक्कम कार्डात जमा होते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. बँकेला लेखी कळवा की व्यवहार विक्रेत्याने रद्द केला आहे, ईएमआय पूर्ण रद्द करा, आणि प्रोसेसिंग फी, व्याज व त्यावरचा जीएसटी उलटा जमा करा. नो-कॉस्ट म्हणजे व्याज नाही असं नसतं. व्याजाइतकी सूट आधी दिलेली असते, आणि ऑर्डर मोडली की ती सूट जाते पण बँकेने लावलेलं व्याज कधीकधी राहून जातं. बँकेने काही रक्कम परत केली नाही तर ती नुकसानीत धरायची, म्हणून ऑर्डरच्या आणि रिफंडच्या अशा दोन्ही महिन्यांची स्टेटमेंट जपा.

'रिफंड केला' असं साइट म्हणते आणि खात्यात दिसत नाही, तर वाद घालत बसण्याऐवजी क्रमांक मागा. कार्डाला एआरएन असतो, यूपीआयला बारा आकडी आरआरएन. तो हातात आला की बँकेला शोध घेता येतो. क्रमांकच देत नसतील तर पैसे निघालेलेच नाहीत असा संशय घ्यायला जागा आहे. इथे एक गैरसमज दूर करतो. 'पाच दिवसांत पैसे आले नाहीत तर रोज १०० रुपये' हा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०१९ चा नियम फसलेल्या व्यवहारांचा आहे, म्हणजे खात्यातून पैसे कापले गेले पण विक्रेत्याकडे पेमेंट पोचल्याची खात्रीच झाली नाही, अशा वेळचा. तुमचं पेमेंट व्यवस्थित पोचलं होतं, ऑर्डर नंतर रद्द झाली. तिथे हा नियम लागत नाही, आणि नोटिशीत तो घातलात तर समोरचा वकील नेमकं तेच धरून बसेल.

आता मूळ मुद्दा. 'पैसे परत दिले, विषय संपला' हे वाक्य कंपन्या इतक्या ठामपणे म्हणतात की लोकांना ते खरंच वाटू लागतं, आणि मला सर्वांत जास्त चीड याचीच येते. तुमचे साडेचोवीस हजार आठ दिवस आणि रिफंडचे आणखी काही दिवस अडकले. त्या काळात सेल संपला, कार्डावरची सूट संपली, दुसऱ्या दुकानातली ऑफरही गेली. हे सगळं तुम्ही सोसायचं आणि दुकानाने वाढीव भावाने तीच वस्तू विकायची, हा व्यवहार कायद्याला मान्य नाही.

पण कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही, हे दोन्ही माहीत हवं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये ऑनलाइन खरेदी करणारा ग्राहक आहे हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याखालचे ई-कॉमर्स नियम जुलै २०२० चे. त्यातल्या चौथ्या नियमात असं आहे की साइट स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा तसाच आकार स्वतः सोसत नसेल, तर ग्राहकाकडूनही रद्द करण्याचा आकार घेता येणार नाही. बरेच जण याचा अर्थ 'कंपनीने रद्द केलं तर दंड भरावाच लागतो' असा लावतात. तसं त्यात नाही. 'विक्रेत्याने ऑर्डर रद्द केल्यास अमुक भरपाई' असं थेट कलम या नियमांत नाही, आणि ही उणीव मला खटकते. त्यामुळे तुमची तक्रार उभी राहते ती कायद्यातल्या दोन जुन्या खांबांवर, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा.

त्यांना जोड मिळते केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या जाहिरातविषयक मार्गदर्शक सूचनांची. आमिषाची जाहिरात कोणती ते त्यात सांगितलंय: जाहीर केलेल्या भावात वस्तू विकण्याची वाजवी शक्यताच नसताना ग्राहकाला ओढायचं नाही, आणि येऊ शकणाऱ्या मागणीला पुरेल इतका साठा हवा. साठा मर्यादित असेल तर तसं जाहिरातीतच सांगायचं. 'स्टॉक संपला' म्हणून ऑर्डर रद्द केली असं त्यांनी पुढे सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तोच विक्रेता तोच माल साडेपाच हजार जास्त घेऊन विकत होता, तर स्टॉक संपल्याचं कारण टिकत नाही. म्हणूनच ते २९,९९० वालं पान तुमच्या प्रकरणातला कणा आहे.

अटींचं काय? 'आम्ही कधीही ऑर्डर रद्द करू शकतो' आणि 'माल रवाना झाल्यावरच करार होतो' ही दोन वाक्यं जवळपास सगळ्या साइटच्या अटींत सापडतात. दुसऱ्या वाक्याला उत्तर भारतीय करार कायदा १८७२ च्या आठव्या कलमात आहे: प्रस्तावासोबत देऊ केलेला मोबदला स्वीकारणं म्हणजे प्रस्ताव स्वीकारणं. त्यांनी पैसे पहिल्याच दिवशी घेतले आणि पोचवण्याची तारीखही कळवली, हा युक्तिवाद मांडायला भरपूर जागा आहे. पहिल्या वाक्याबाबत २०१९ च्या कायद्यातली 'अनुचित करार' ही व्याख्या वाचा. वाजवी कारणाशिवाय एका पक्षाला एकतर्फी करार मोडू देणारी अट तिच्यात येते. मात्र अट अनुचित ठरवून घेण्याची तक्रार राज्य ग्राहक आयोगाकडे करावी लागते. फ्रिजसाठी मी त्या वाटेने जाणार नाही. जिल्हा आयोगात सेवेतील त्रुटी पुरेशी आहे.

आणि ती पुरते, हे मुंबईतल्या एका प्रकरणात दिसलं. दादरच्या एका ग्राहकाने जुलै २०२२ मध्ये फ्लिपकार्टवर ३९,६२८ रुपये क्रेडिट कार्डाने भरून आयफोन मागवला. दोन दिवसांत यायचा होता, पण सहा दिवसांनी ऑर्डर रद्द झाल्याचा मेसेज आला. कंपनीचं म्हणणं, आम्ही फक्त मध्यस्थ, विक्रेता वेगळा, आणि डिलिव्हरीच्या वेळी ग्राहक सापडला नाही. पैसे परत मिळालेले होते. तरीही मध्य मुंबईच्या जिल्हा आयोगाने २०२४ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला. नव्याने ऑर्डर द्यायला सांगितली गेली तोवर भाव सुमारे सात हजारांनी वाढला होता, आणि जादा नफ्यासाठी केलेलं हे एकतर्फी रद्द करणं आयोगाने अनुचित व्यापार प्रथा मानलं. भरपाई दहा हजार, खर्चाचे तीन हजार. तुमच्या प्रकरणाशी याचं साम्य बरंच आहे. वेळेचा अंदाजही यावरून घ्या. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा असं आहे, प्रत्यक्षात दीड वर्ष लागू शकतं.

या निकालांकडे दुसऱ्या बाजूनेही बघायला हवं. ओडिशात एका कायद्याच्या विद्यार्थ्याने २०१४ मध्ये अॅमेझॉनवर २३,४९९ चा लॅपटॉप १९० रुपयांना दिसला म्हणून मागवला, ऑर्डर पक्की झाल्याचं कळलं आणि नंतर ती रद्द झाली. प्रकरण राज्य आयोगापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये भरपाई व खर्च मिळून ४५ हजार रुपये द्यायचा आदेश झाला. करार कायद्याचं बाविसावं कलमही सांगतं की फक्त एका बाजूची चूक झाली म्हणून करार रद्द करण्याजोगा होत नाही. तरी माझा सल्ला असा की भावातला घोळ उघड दिसत असेल, सत्तर हजारांचा टीव्ही सातशेला असेल, तर त्या निकालाच्या भरवशावर भांडू नका. समोरच्याची चूक लक्षात येऊनही ऑर्डर टाकली असं दिसलं की आयोगाची सहानुभूती पातळ होते. तुमचा भाव तसा नव्हता. सणाच्या सेलमध्ये फ्रिजवर अठरा-वीस टक्के सूट ही रोजची गोष्ट आहे, आणि ती जाहिरात कंपनीनेच केली होती.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: जुन्या भावात फ्रिज मागा, जरूर मागा, पण तोच मिळेल असं धरून बसू नका. आयोगाचा आदेश बहुधा पैशांतल्या भरपाईचा असतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: फरकाची रक्कम मागता येते, आणि तिचा हिशेब बिलाने सिद्ध होतो.

पुढची पायरी साइटच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी तक्रार. त्याचं नाव आणि संपर्क साइटवर देणं बंधनकारक आहे, ते बहुतेक सगळ्यात तळाशी सापडतं. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची. कस्टमर केअरशी केलेली चॅट म्हणजे ही तक्रार नव्हे. पत्रात भावना कमी आणि तारखा जास्त ठेवा. साधारण असं लिहा:

'अमुक तारखेला मी अमुक क्रमांकाची ऑर्डर देऊन २४,४९० रुपये भरले. आपण ऑर्डर पक्की केल्याचा ईमेल पाठवला आणि पोचवण्याची तारीख कळवली. अमुक तारखेला माझी कोणतीही विनंती नसताना आपण ऑर्डर रद्द केली. त्याच दिवशी तेच मॉडेल त्याच विक्रेत्याकडून आपल्या साइटवर २९,९९० रुपयांना विक्रीला होतं. प्रिंट सोबत जोडली आहे. कृपया रद्द करण्याचं नेमकं कारण आणि तो निर्णय आपला की विक्रेत्याचा, हे लेखी कळवावं. मान्य केलेल्या भावात फ्रिज पोचवावा, अन्यथा भावातला फरक व ईएमआयचा भुर्दंड भरून द्यावा. तसंच विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व ईमेल कळवावा.'

शेवटचं वाक्य शोभेचं नाही. खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागितलं तर बाजारपेठ चालवणाऱ्या साइटने विक्रेत्याच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता, ईमेल वगैरे तपशील द्यायचे असतात. पुढे तक्रार करावी लागली तर साइट आणि विक्रेता दोघांनाही पक्षकार करा. एकालाच केलंत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवेल आणि वर्ष त्यातच जाईल.

याच्याच जोडीला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा. हेल्पलाइन कंपनीला हुकूम देऊ शकत नाही. पण बऱ्याच मोठ्या कंपन्या तिच्या भागीदार आहेत आणि तिथून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते. फ्रिज-मोबाइलसारखे पुष्कळ वाद इथेच मिटतात. मिटवताना 'सर्व दावे पूर्ण निकाली' असं लिहून घेऊन हजाराचं कूपन देत असतील, तर ते घ्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण वाचल्याशिवाय 'ओके' म्हणू नका.

महिन्यात काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. साइटच्या अटींत 'वाद फक्त अमुक शहरातल्या न्यायालयात' असं असलं तरी चिंता नको. तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करायची सोय कायद्यानेच दिलेली आहे, म्हणजे पुणे. फ्रिज तासगावला पोचायचा होता म्हणून सांगलीही चालेल, पण तारखांना जायचं झालं तर तुम्हाला पुणं सोयीचं. खातं आणि कार्ड तुमचं, म्हणून तक्रारदार तुम्हीच व्हा, वडिलांचं नाव घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

प्रिंट आणि स्क्रीनशॉट जोडताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र, म्हणजे ती इलेक्ट्रॉनिक नोंद कशी आणि कोणत्या उपकरणावरून घेतली हे सांगणारा कागद, सोबत लावा. आयोग पुराव्याच्या कायद्याला काटेकोर बांधलेला नसतो, तरी हरकतीला जागा ठेवू नये. समोरच्यांना नोटीस मिळाल्यापासून उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. ४५ दिवसांनंतर आलेलं उत्तर घेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. नोटीस कधी मिळाली याची पोच म्हणूनच जपायची.

मागणी किती करायची? भावातला फरक, ईएमआयचा न परतलेला आकार, पैसे अडकल्याच्या काळाचं व्याज, मनस्तापाचे दहा-पंधरा हजार आणि तक्रारीचा खर्च. पाच लाख मागू नका. आकडा फुगवला की बाकीच्या खऱ्या मागण्यांकडेही संशयाने बघितलं जातं.

एवढ्यासाठी आई-वडिलांना फ्रिजविना ठेवायची काहीच गरज नाही. करार मोडल्यावर नुकसान कमी करायचे जे मार्ग हाताशी होते, ते नुकसान मोजताना विचारात घेतले जातात, असं करार कायद्याचं कलम ७३ सांगतं. तेव्हा रिफंड खात्यात आला की सांगलीत किंवा तासगावातच दुकानातून फ्रिज घ्या. तेच मॉडेल मिळालं तर उत्तम, नाही तर तितक्याच लिटरचा आणि त्याच दर्जाचा. बिल स्वतःच्या नावावर करून घ्या, त्यावर मॉडेल क्रमांक आणि तारीख घालायला सांगा, आणि पैसे रोख देऊ नका.